पिंप्राळ्याच्या भिंतीवरचा कॅलिपर

देवपूर, धुळे
१४ जून २०२४

किरण,
प्रभूमध्ये सलाम.

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहितो. देवपूरच्या आपल्या मंडळीतलं व्यासपीठ, सागाचं, एकही खिळा न ठोकता नुसत्या खाचांवर बसवलेलं. बाबांना निजवून पुरलं ती पेटी. तुझ्या लग्नात मागे उभा केलेला क्रूस. माय धरून चालते ती चौकट. तिची उंची मी मायला अनवाणी उभं करून मनगटापासून मोजली होती, कारण चपलेने अर्ध्या इंचाचा फरक पडतो आणि अर्ध्या इंचाने कंबर दुखते. दोन्ही पाय नसलेल्यांसाठी बेअरिंगवरच्या पाट्या. तीनचाकी सायकली. कुबड्या, प्रत्येकीच्या काखेखालची गादी मी स्वतः शिवलेली, आत काथ्या, वर मऊ चामडं. आणि बळ गेलेल्या पायाला उभं धरणारे कॅलिपर, लहानांचे आणि मोठ्यांचे. हे मला कुणी शिकवलं नाही. दवाखान्यातून भंगारात निघालेला एक कॅलिपर विकत घेतला, उघडला, जोडला, परत उघडला. तू हे सगळं पाहिलेलं आहेस.

यादी एवढ्यासाठी की यातल्या काही वस्तू आता तुझ्या भिंतीवर आहेत.

काल तुझ्या वहिनीने, हेमलताने, मोबाईलवर तुझा व्हिडिओ दाखवला. पिंप्राळ्याचा हॉल, निळे दिवे, मागे ती भिंत. साक्षीची भिंत म्हणता ना तुम्ही तिला? बरं झालेल्यांनी देवाला वाहिलेल्या कुबड्या, काठ्या, पट्टे. मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. कुबड्यांच्या तीन जोड्या माझ्या आहेत. आणि मधोमध, लाल लाइटच्या माळेखाली, चोपड्याकडच्या डोंगरातल्या त्या पोरीचा, बिजलाचा कॅलिपर. उलटा टांगलेला, बूट वर. त्याने चामडं लोंबून ताणतं, पण ते राहू दे.

स्टेजवर तू त्याला बेडी म्हणालास. "सैतानाने या लेकराच्या पायात घातलेली बेडी." ती मी घातली होती, किरण. दोन पोलादी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली बूट, आणि गुडघ्याच्या सांध्यावर दोन कड्या. पोर उभी राहिली की कड्या आपोआप खाली घसरतात, टक असा आवाज येतो आणि गुडघा मुडपत नाही. बसायचं असलं की बोटाने वर उचलायच्या. पहिल्यांदा तो आवाज ऐकून ती हसली होती आणि मुद्दाम दहादा उठबस केली होती. बेडी माणसाला बसवून ठेवते. ही उभं करायची.

तिने कॅलिपर काढला आणि तुझा हात धरून स्टेजवर चालली, आणि लोक उभे राहून हालेलुया म्हणाले. ती कशी चालली ते तू पाहिलंस का? तिचा उजवा तळहात पाहा. प्रत्येक पावलाला तो मांडीवर दाबलेला आहे. पायात बळ नसलं की माणूस असंच चालतो, हाताने गुडघा मागे रेटत. ते बरं होणं नाही. हात पायाचं काम करत होता. चार पावलं तसं कुणीही चालेल. शाळेत जाऊन यायचं असेल तर चालणार नाही.

मी तुझ्याशी भांडायला लिहीत नाही. भांडून झालं आहे. एक काम आहे. ती बिगर कॅलिपरची चालली तर गुडघा मागच्या बाजूला वाकत जाईल, घोटा आखडेल. तिला एक निरोप धाड, तुझ्या तोंडचा: कॅलिपर घाल. फोन तुझा माणूस उचलतो, म्हणून कागद लिहिला. कागद तरी तुझ्या हाताला लागेल.

मायने सलाम सांगितला आहे.

तुझा भाऊ
प्रेमराज

देवपूर, धुळे
६ जुलै २०२४

किरण,
सलाम.

उत्तर आलं नाही. आपल्या दोघांत सहा वर्षं उत्तर नाही, त्याची सवय आहे. पण हे मी माझ्यासाठी मागत नाही, म्हणून परत लिहितो.

बिजलासाठी मी नवा कॅलिपर केला. जुना तू ठेव. नव्यात पट्ट्यांना खाली जास्तीची भोकं पाडून ठेवली आहेत, पोर वाढते आहे, दर सहा महिन्यांनी एक भोक खाली सरकवलं की झालं. तो पोत्यात गुंडाळून अमळनेरमार्गे एसटीने चोपड्याला गेलो आणि तिथून काळीपिवळीने डोंगराच्या पायथ्यापर्यंत. बापाचं नाव बादल, तू त्याला स्टेजवर मिठी मारली होतीस. तो शेतात पेरणीला गेला होता. बिजला दारात खाटेवर. मला पाहून उठली नाही. पूर्वी मला पाहिलं की टक आवाज करून उभी राहायची.

बादलभाऊ आला. पोत्यातून काय निघालं ते पाहून तो दोन पावलं मागे सरकला, जणू साप निघाला. मला म्हणाला, "भाऊ, देवले दिधेल वस्तू मांगे लेतस का?"

मी म्हटलं, ही ती वस्तू नाही, ही नवी आहे.

"काम तं तेच शे ना?" तो म्हणाला. "आम्ही डोंगरना लोके. पह्यले बी नवस फेडूत तं कोंबडी परत मांगेत नही. आते येशूले दिधं. तेन्हापाशीन मांगी लिसूत तं पोरना पाय तं जाईच, बठ्ठा घर जाई."

देवाकडून परत घेतलं तर अख्खं घर जाईल, हे त्याला तू शिकवलेलं नाही, हे मला माहीत आहे. ते त्याच्या रक्तात आधीच होतं. पण तू माईकवर म्हणालास, "ज्याने विश्वासाने बेडी टाकली, त्याने मागे वळून पाहू नये." तू सभेच्या जोशात एक वाक्य टाकलंस. त्याने ते घरी नेलं आणि आपल्या नवसाशेजारी ठेवलं. आता ते मी काढू शकत नाही. मायही नाही. फक्त तू.

कॅलिपर परत आणला. कारखान्यात खुंटीवर आहे, सुलटा.

हेमलता मला काय म्हणाली तेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील मी माझ्या सोयीचं लिहितो. ती म्हणाली, "तुमले पोरना दुख शे, का पट्टा उलटा टांगेल शे तेन्हा?" मी तिला म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "मंग पह्यले कोन्हा, ते ठरवा."

मायलाही व्हिडिओ दाखवला. तू बिजलाचे पाय धुतोस तो भाग. पितळेचं घंगाळ, गुडघ्यावर बसलेला तू, खांद्यावर टॉवेल, आणि चहूबाजूंनी कॅमेरे. मायने चष्मा लावून पाहिलं. वाटलं खूश होईल. तिचं सगळं आयुष्य लोकांचे पाय धुण्यात गेलं. ती मिशनची बाई, ती आली म्हटलं की पाड्यावरचे लोक जखमा घेऊन बसायचे आणि आपण दोघं तिच्यामागे पाणी वाहायचो. तिने सगळं पाहिलं आणि एकच विचारलं.

"पानी कोमट व्हतं का?"

मला माहीत नव्हतं. बळ गेलेल्या पायात रक्त कमी फिरतं, तो पाय कायम गार असतो, गार पाणी त्याला चावतं. हे मायला माहीत आहे. तुलाही होतं. कोमट होतं का, एवढं तरी कळव.

प्रेमराज

देवपूर, धुळे
३ ऑगस्ट २०२४

किरण,

तू फोन केलास. सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तो आवाज स्टेजवरचाच होता, घरातला नव्हता. पण केलास. मी फोनवर नीट बोलू शकलो नाही, मला राग आला की मराठीच आठवत नाही. म्हणून तू काय म्हणालास ते लिहितो आणि मला काय म्हणायचं होतं ते लिहितो.

तू म्हणालास, "भाऊ, मी तिला बरं केलं नाही. प्रभूने केलं. आता मी जाऊन म्हणू का, प्रभू चुकला, परत घाल?"

मला म्हणायचं होतं: प्रभू चुकला असं नको म्हणू. मी चुकलो असं म्हण. ते तुला म्हणता येतं. लहानपणी येत होतं.

तू म्हणालास, "विश्वास डळमळला तर फक्त तिचा नाही, हजारो लोकांचा डळमळेल. तो व्हिडिओ दुबईपर्यंत पाहिला जातो."

मला म्हणायचं होतं: दुबईच्या लोकांचे पाय धड आहेत.

तू म्हणालास, "मी काय माझ्यासाठी करतो? नाव त्याचं होतं."

याच्यापुढे मी दोन गोष्टी लिहितो. बॅनरवर वर येशूचं नाव असतं आणि खाली तुझा फोटो, आणि फोटो मोठा असतो. पण मीसुद्धा प्रत्येक कॅलिपरच्या पोटरीजवळच्या पोलादी पट्टीला आतून बारीक 'प्रे' ठोकतो. कुणाला दिसत नाही. पण मी ठोकतो.

आता खरी बातमी. बिजला पडली. शाळेच्या वाटेवर नाला आहे, नाल्यात दगड मांडलेले आहेत. तळहात मांडीवर दाबून दगडावरून जाता येत नाही, दोन्ही हात तोलाला लागतात. गुडघा मागे गेला आणि ती पाण्यात. मला तिच्या मास्तरांनी कळवलं. मी चोपड्याच्या डॉक्टरांकडे पैसे भरून ठेवले होते, बादलभाऊ नाइलाजाने घेऊन गेला. डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं ते शब्द जसेच्या तसे: घोटा आखडायला लागला आहे. गुडघ्यामागची शीर ढिली पडली आहे. दिवाळीपर्यंत असंच चाललं तर मग कॅलिपर बसणारसुद्धा नाही, आणि तेव्हा मोठं ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही.

दिवाळीपर्यंत. हे मी खाली रेघ ओढून लिहिलं आहे.

तुझ्या लोकांनी तिच्या घरी काय सांगितलं ते तुला माहीत आहे का? की तिच्या मनात शंका आली म्हणून ती पडली. चौदा वर्षांची पोर, ओल्या दगडावरून पडली, आणि आता खाटेवर बसून शंका शोधते आहे.

आणि माझ्याबद्दल काय सांगितलं तेही कळलं. इथे देवपुरातही रविवारी उपासनेनंतर एकाने तोंडावर म्हटलं, "प्रेमराजभाऊ, लंगडे चालायला लागले तर तुमचं दुकान बसणार, नाही का." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

किरण, तू मला आयुष्यभर काही देऊ नको. हा एक निरोप दे.

प्रेमराज

देवपूर, धुळे
२५ ऑगस्ट २०२४

किरण,

तुझा माणूस तोताराम येऊन गेला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, आत शिरताना त्याने दाराच्या पत्र्याला डोकं आपटलं. मी बसायला स्टूल दिलं. तो रुमाल टाकून मग बसला.

"पास्टरजींनी तुमची फार आठवण काढली," तो म्हणाला.

"मग पास्टरजी का आले नाहीत?"

"त्यांचा एकेक दिवस बुक आहे, भाऊ."

"आमचा पण," मी म्हटलं. "आज एका म्हाताऱ्याची कुबडी आहे."

त्याने कारखाना पाहिला. खुंटीवरचा कॅलिपर पाहिला आणि नजर काढून घेतली. मग त्याने तुझा प्रस्ताव मांडला. दिवाळीनंतर जळगावच्या मैदानात तुझी मोठी सभा. तिथे मी यायचं. स्टेजवर बिजलाचा जुना कॅलिपर हातात घ्यायचा आणि म्हणायचं, हा मी केला, माझ्या हातांनी. मुलगी माझ्या भावाच्या सभेला येण्याआधी याच्याशिवाय उभी राहत नव्हती. आता तिला हा लागत नाही. बस. "कुबड्या बनवणारा स्वतः साक्ष देतोय, सख्खा भाऊ. असं भारतात कुठं झालं नसेल," तोताराम म्हणाला. "बॅनरवर तुमचं नाव येईल. पूर्ण नाव. प्रेमराज वना बागुल."

त्याने आकडाही सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. हेमलतालाही सांगितलेला नाही. तुला तर माहीतच आहे, तूच ठरवला असशील.

मी म्हटलं, शेवटचं वाक्य खोटं आहे.

तो म्हणाला, "मग ते गाळा. पहिली दोन खरी आहेत ना? तेवढीच म्हणा. तिसरं पास्टरजी म्हणतील."

तू हुशार आहेस, किरण. हे त्याच्या डोक्यातलं नाही, तुझ्याच डोक्यातलं आहे. दोन वाक्यं खरी. मी रात्रंदिवस मापं घेणारा माणूस, मला यात चूक दाखवता येईना. मग माझ्या धंद्यातलं सुचलं. एखाद्या कॅलिपरची पट्टी बरोबर, रिव्हेट बरोबर, कडी बरोबर, चामडं बरोबर. पण पाय दुसऱ्याचा. मग तो घातलेल्याची कातडी सोलतो, आणि तरी त्यातला एकही भाग चुकीचा नसतो.

मी तोतारामला चहा पाजला आणि पाठवलं.

आकड्याचं सोड. मला एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे. बिजलाला निरोप गेला का?

प्रेमराज

देवपूर, धुळे
१५ सप्टेंबर २०२४

किरण,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. तोतारामला मी नाही म्हटलं नव्हतं. विचार करून सांगतो म्हटलं होतं. तो गेल्यावर मी टेप घेऊन कारखाना मोजला, पत्र्याची गळकी बाजू सोडून, आणि आकड्याबरोबर तू देऊ केलेल्या पिंप्राळ्यातल्या गाळ्यात लेथ कुठे बसेल त्याचा नकाशा कागदावर काढला. खिडकी पूर्वेला, कारण शिवणकामाला सकाळचा उजेड लागतो. दारावर पाटी कशी रंगवायची तेही ठरवलं होतं. पूर्ण नाव.

हे मनात ठेवूनच गेल्या आठवड्यात बिजलाकडे गेलो. माय म्हणाली, मीही येते. मी तिला म्हटलं, या वयात एसटीचे धक्के सोसणार नाहीत. ती म्हणाली, "तुन्ही चौकट शे ना." चौकट, कॅलिपर आणि मायचं ते जर्मन धातूचं घमेलं घेऊन आम्ही गेलो. घमेलं कशाला ते मी विचारलं नाही.

पोर वाळली आहे. शाळा बंद. खाटेच्या दोरीला धरून न्हाणीपर्यंत जाते, आणि मग परत येताना मधे जमिनीवर बसते. पाय मी हातात घेतला. घोटा खाली वळला आहे, टाच टेकत नाही. अजून बसेल कॅलिपर. बुटाच्या टाचेत एक पाचर घातली की बसेल. पण थोडेच दिवस. मी हे अंदाजाने लिहीत नाही, कोन मोजून लिहितो.

माय तिच्या आईला, जमनाला, म्हणाली, "बेटा, पानी तपाड." पाणी घमेल्यात आलं. मायने कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार ओतलं, परत कोपर बुडवलं. मग खाली बसली. तिच्या गुडघ्यांनी खाली बसणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही, तू सहा वर्षं तिला पाहिलेलं नाहीस. पोरीचा पाय घमेल्यात घेतला आणि बोटाबोटांमधून धुतला. प्रार्थनासुद्धा मोठ्याने केली नाही. पाय पाण्यात गेला तशी बिजलाने डोळे मिटले. म्हणाली, "हाई ऊन शे." हे कोमट आहे. एवढ्यावरून मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुला आता कळवायची गरज नाही.

मी खिशातून मोबाईल काढला. खरं सांगतो, वाटलं फोटो काढावा, तुला धाडावा, मंडळीच्या ग्रुपवर टाकावा, बघा पाय कसे धुतात. मायने मान वर न करता म्हटलं, "ते खिसामा ठेव." मी ठेवला.

मग मी कॅलिपर काढला. बादलभाऊ दारात उभा. या वेळी तो मागे सरकला नाही, माय आलेली होती म्हणून. मी बिजलाला म्हटलं, एकदा घालून बघ. कडीचा आवाज ऐक.

ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. हिशोब सुटत नसला की मुलं फळ्याकडे बघतात तशी. आणि म्हणाली, "काका, मी हाई घालं तं तुमले येन्हामा किती भेटस?"

बादलभाऊ खाली बघायला लागला. हा प्रश्न त्या घरात कुणीतरी आणून ठेवलेला होता हे कळत होतं, पण विचारला तिने.

किरण, या प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं होतं. काही नाही. पहिल्या कॅलिपरला जमनाने पिशवीभर चारोळी दिली होती, या दुसऱ्याला मी काही घेणार नव्हतो. दोन शब्द. मला ते बोलता आले नाहीत. तिने 'किती' म्हटलं आणि माझ्या डोक्यात तोतारामचा आकडा उभा राहिला, अख्खा, शून्यांसकट. तो मी नाकारलेला नव्हता. तिच्यासमोर मी पैसे न घेणारा माणूस म्हणून बसलो होतो आणि माझ्या शर्टाच्या खिशात गाळ्याचा नकाशा होता.

मला राग आला. तुझ्यावर नाही, तिच्यावर. पायाने अधू लेकरावर. मी म्हणालो, "मी काय भीक मागायला आलो का?" आणि बाहेर पडलो. कॅलिपर तिथेच राहिला, मायही तिथेच राहिली. मी आंब्याखाली जाऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने माय चौकट टेकत आली. मला वाटलं बोलेल. ती म्हणाली, "पोरनी सवाल करा. तू जवाब नही दिधा."

"काय देऊ, माय?"

"जो शे तो."

चोपड्याच्या स्टँडवरून मी तोतारामला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, भाऊ, घाई करू नका, आकडा वाढू शकतो. मी फोन बंद केला. नकाशा फाडला. यात मोठेपणा काही नाही. पोरीने विचारलं नसतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि तू हे वाचून म्हणशील की भाऊही माझ्यासारखाच. म्हण.

तुला शेवटचं मागतो. त्यांच्या घरात माझा शब्द आता कुबड्या विकणाऱ्याचा शब्द आहे. तुझा शब्द देवाचा. तो देवाचा नाही हे तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, पण त्या घरात तो तसा चालतो. एकदा, कॅमेरा न घेता, माणूस न घेता, तू एकटा एसटीने तिथे जा. पाड्यावर पाणी वाहून नेणारा किरण म्हणून जा. तिला म्हण, घाल. व्हिडिओ काढून टाकू नको, बॅनर खाली उतरवू नको, मला काही नको. जग तुला मोठं म्हणत राहू दे. एका पोरीसमोर लहान हो. तेवढं कुणाला कळणारही नाही.

तू जाणार नाहीस. हे लिहितानाच मला कळतं आहे, आणि तरी लिहितो, कारण दुसरं दार मला माहीत नाही. रोज सकाळी कारखाना उघडतो तेव्हा रिकामी खुंटी दिसते आणि वाटतं, कॅलिपर तिथे पोरीच्या घरात आहे, पायापासून चार हातांवर, आणि ते चार हात मला ओलांडता येत नाहीत. मी प्रार्थना करतो ती प्रार्थना राहत नाही, तक्रार होते. देवाला म्हणतो, मी एवढं माप घेऊन केलं. जणू तो गिऱ्हाईक आहे.

माय विचारते, किरण्या येस का. मी म्हणतो, पत्र टाकलं आहे.

यापुढे तुला लिहिणार नाही. जिने विचारलं तिला लिहितो.

प्रेमराज

देवपूर, धुळे
२० सप्टेंबर २०२४

चि. बिजला हिला,
प्रेमराजकाकाचा सलाम.

हे पत्र तू स्वतः वाच. अक्षर मोठं काढलं आहे. मग बाबांना आणि आईला वाचून दाखव.

त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो. तुझी चूक नव्हती. प्रश्न चांगला होता. कुणीही येऊन हे घाल, हे काढ, असं सांगितलं तर त्याला आधी विचारावं की यात तुझं काय. तू मला विचारलंस. पुढेही विचार, सगळ्यांना विचार, स्टेजवर उभा असेल त्यालाही.

आधी कामाचं. कॅलिपर घालायच्या आधी पाय कोमट पाण्यात ठेवायचा. पाणी हाताने बघायचं नाही, कोपराने बघायचं. मग घोटा हळूहळू वर ओढायचा, दुखेपर्यंत नाही, ताणेपर्यंत. बुटाच्या टाचेत मी आता पाचर बसवून धाडतो आहे, चामड्याची, ती बाहेर आली तर परत आत सरकवायची. मांडीचा पट्टा दोन बोटं शिरतील इतका सैल. उभी राहिलीस की दोन्ही कड्यांचा आवाज यायला पाहिजे. एकाच कडीचा आला तर पाऊल टाकू नकोस, आधी दुसरी खाली कर.

पहिला कॅलिपर तू देवाला दिलास. तो त्याचाच राहू दे, तो परत मागायचा नाही. हा दुसरा तू कधी दिलेलाच नाहीस. हा तुझ्या दारात कुणीतरी आणून ठेवला आहे. कुणी आणवला ते मी सांगू शकत नाही, मी फक्त पोचवला. त्याच्या पोटरीजवळच्या पोलादी पट्टीला आतून माझ्या नावाचं अक्षर ठोकलेलं आहे. पाचर बसवायला तुझ्या बाबांच्या शेजाऱ्याने बूट धुळ्याला आणून दिला, पण पट्टी तुझ्याकडेच आहे. तिथे एक बारीक 'प्रे' दिसेल. कानस घासून ते काढून टाकायला बाबांना सांग. चामड्याला लागू देऊ नका.

डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचा वेळ सांगितला आहे. मी घाबरवायला लिहीत नाही. मीच घाबरलो आहे, म्हणून लिहितो. तुझ्या मनात शंका आली म्हणून तू पडली नाहीस. दगड ओला होता आणि पायाला आधार नव्हता. मी मोजणारा माणूस आहे, एवढं मला नक्की कळतं. देवाला तुझा पाय बिगर पट्ट्याचा उभा करायचा असेल तर तो पट्ट्यात असतानाही करील. त्याला कडी उघडता येते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे मी घरातसुद्धा सांगितलेलं नाही. चांगलं केलेलं सांगत फिरू नये, असं माझ्या आईने शिकवलं आहे. पण ती असंही म्हणाली की पोरीने विचारलं आहे, जे आहे ते सांग. मग जे आहे ते असं. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी हे पैसे नाकारलेले नव्हते, म्हणून तुझ्याकडे बघू शकलो नाही. तुझ्या घरून निघाल्यावर नाकारले.

तू कॅलिपर घातलास तर मला मिळणार: काही नाही. आणि तुझा जुना कॅलिपर हातात धरून जळगावच्या मैदानात माझ्या भावाच्या स्टेजवर उभा राहिलो असतो, तुला आता तो लागत नाही असं लोकांना वाटू दिलं असतं, तर मला मिळणार होता पिंप्राळ्याला एक गाळा, आणि साडेसात लाख रुपये.